जेसीबीपाशी थांबलेलं मूल

चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन तुम्ही निघाला आहात आणि गल्लीत जुनी इमारत पाडून नवा पाया खणायचं काम चालू आहे. मूल जेसीबीपाशी थांबतं आणि हलायला तयार होत नाही. शाळेची वेळ गाठायची असेल तर त्याला ओढत न्यावंच लागतं. मुलाला घरीच शिकवायचं ज्यांनी ठरवलं आहे त्यांना ही घाई नसते, आणि माझ्या मते घरच्या शिक्षणाचा सगळ्यात मोठा फायदा हाच. पण पुष्कळ घरांत उलटंच दिसतं. शाळा सोडलेली असते आणि शाळेचं वेळापत्रक मात्र हॉलच्या भिंतीवर चिकटवलेलं असतं : दहा ते साडेदहा मराठी, साडेदहा ते अकरा गणित. आईची बाई होते, आणि थोड्याच दिवसांत दोघंही रडकुंडीला येतात.

हा लेख साधारण तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी आहे. विषयवार अभ्यास, दहावीची परीक्षा हे पुढचं प्रकरण आणि ते निराळं. या वयात मुलाला जे रोज दिसतं, हाताला लागतं, आवडतं त्याच्याच मागं जाऊन पुष्कळ शिकवता येतं. मात्र मागं जायचं म्हणजे मुलाला मोकाट सोडायचं असं कुणी समजू नये. मोठ्यांनी त्यात भर घालायची असते आणि ती तयारीनिशी घालावी लागते. शिवाय दोन गोष्टी अशा आहेत की आवडीच्या मागं कितीही हिंडलं तरी त्या आपोआप येत नाहीत. त्यांच्याकडे पुढे येतोच.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, तेव्हा त्यांना कोसबाडची आठवण करून द्यावी. अमेरिकेत जॉन होल्ट या शिक्षकानं १९६४ साली मुलं नापास का होतात यावर पुस्तक लिहिलं आणि १९७७ मध्ये शाळेविना शिकणाऱ्या मुलांच्या घरांसाठी एक नियतकालिक काढलं, हे खरं. पण त्याच्या किती तरी आधी ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम करून महाराष्ट्रात परतल्या होत्या आणि १९४५ पासून अनुताई वाघांच्या साथीनं बोर्डीत, पुढे डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांबरोबर काम करत होत्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच कुरणात नेली. तिचं नाव कुरणशाळा. दगड, बिया, पानं, शिंपले हीच तिथली साधनं. मुलाचा दिवस जिथं जातो तिथं शिक्षणानं जायचं, हा विचार आपल्या मातीतलाच आहे. आणि कुरणात गेलेल्या बाई झाडाखाली नुसत्या बसून राहत नव्हत्या, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता पुन्हा त्या खड्ड्याकडे. पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. उभं राहून बघा, सुरक्षित अंतरावरून, पत्र्याच्या कुंपणाबाहेरून. ‘किती चाकं आहेत सांग बरं?’ ‘हा रंग कुठला?’ असले प्रश्न तर मुळीच विचारू नका. मूल रंगून बघत असताना त्याची तोंडी परीक्षा घेणं हा मोठ्यांचा फार जुना रोग आहे. आपण स्वतः लक्ष देऊन बघितलं तर बघण्यासारखं पुष्कळ असतं. पुढचं रुंद बकेट माती ढकलतं आणि उचलतं, मागचा हात खणतो, खणताना दोन पाय जमिनीवर टेकवून यंत्र स्वतःला सावरतं. शेजारीच साखळीच्या पट्ट्यावर चालणारं पोकलेन असेल तर ते नुसतंच खणतं, पण कमरेपासून गरकन पूर्ण फिरतं. जेसीबी आणि पोकलेन यांतला फरक चार वर्षांचं मूल आठवड्याभरात तुम्हाला समजावून सांगेल. वर्गीकरण म्हणतात ते हेच.

मूल प्रश्न विचारील तेव्हा सरळ उत्तर द्या. ‘तुला काय वाटतं?’ असं उलट विचारायची हल्ली फॅशन आहे. कधीमधी ते ठीक, पण दर वेळी तसंच केलं तर मूल वैतागतं, आणि त्याचं काय चुकलं? उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला माहीत नाही, मुकादमांना विचारू’ म्हणा आणि खरोखर विचारा. जेवणाच्या सुटीत ऑपरेटर किंवा मुकादम हौसेनं बोलतात. भाडं तासावर असतं, मग एका तासात किती डंपर भरतात? डंपरमध्ये किती ब्रास माती मावते? एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लहान मुलाला घनफूट कळणार नाही, पण घरी जमिनीवर खडूनं दहा फूट लांब, दहा फूट रुंद चौकोन आखून त्यात फूटभर उंच माती भरली आहे असं म्हटलं, की ब्रास डोळ्यांसमोर उभा राहतो. हॉलमध्ये तेवढी जागा नसेल तर गच्चीवर जा.

एवढा मोठा लोखंडी हात उचलतं कोण, हा प्रश्न कधी ना कधी येतो. औषधाच्या दुकानातून सुया नसलेल्या दोन सिरिंज आणा, एक ५ मिलीलीटरची आणि एक २० मिलीलीटरची. सलाइनच्या नळीचा तुकडा घेऊन दोन्ही जोडा आणि आत बुडबुडे राहणार नाहीत असं पाणी भरा. लहान सिरिंजची दांडी दाबली की मोठीची वर येते. मोठीवर पुस्तक ठेवलं तर तेही उचललं जातं. छोटी पूर्ण रिकामी केली तरी मोठीची दांडी जेमतेम पाचच्या खुणेएवढीच सरकते, म्हणजे जोर जास्त मिळाला पण अंतर कमी पडलं. मग पाण्याऐवजी नुसती हवा ठेवून दाबून बघू द्या. हात स्प्रिंगसारखा लिबलिबतो, वजन नीट उचलत नाही. जेसीबीत तेल का भरतात हे आता सांगायची गरज उरत नाही. पास्कलचं नाव मुलाला दहा वर्षांनी कळलं तरी चालेल. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या आणि दोरा हाताशी असेल तर दुपारभरात घरचा जेसीबी तयार होतो. तो वाकडा होऊ द्या. टाकाऊ वस्तूंतून अशी खेळणी करायला अरविंद गुप्ता यांनी दोन पिढ्यांना शिकवलं आहे. त्यांच्या संकेतस्थळावर चित्रांसह कृती आहेत आणि मराठी पुस्तकंही मोफत वाचायला मिळतात.

हे दोन महिने चालेल किंवा तीन दिवसांत संपेल. संपलं की संपू द्या. इथं पालक हमखास घसरतात : मूल जेसीबीकडे बघतं हे दिसताच यंत्रांचा तक्ता, चित्रांची पाच पुस्तकं, खेळण्यातला महागडा ताफा घरात येतो आणि मूल पाठ फिरवतं. आवड मुलाची होती, ती आता तुमची झाली. म्हणून खरेदी उशिरा करा आणि थोडी करा.

स्वयंपाकघर आणि मंडई तर कुणाच्याच घरापासून लांब नसतात. एक वाटी तांदूळ आणि तीच वाटी भरून पोहे, दोन्हींचं वजन घरच्या काट्यावर करून बघायला द्या. वाटी तीच, वजन वेगळं. गावाकडे अजून पायली-शेराचं माप घरात असेल तर चार शेरांची पायली मुलाच्या हातानं भरू द्या. कणीक मळताना पाणी जास्त झालं तर काय होतं, डोशाचं पीठ थंडीत का फुगत नाही, हे अनुभवायला पुस्तक लागत नाही. पैशांचं मात्र मुद्दाम बघावं लागतं. आपण सगळे फोन पुढे करून पैसे देतो, त्यामुळे आजच्या मुलाला पैसे मोजताना दिसतच नाहीत. त्याला दिसतो फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन आणि ‘टिंग’ असा आवाज. तेव्हा पन्नासाची नोट मुलाच्या हातात द्या, कोथिंबीर आणि लिंबं त्याला घेऊ द्या आणि सुटे मोजून परत घेणं त्याच्याकडेच सोपवा. भाजीवाल्या मावशी घाईत असतील तर बाजूला व्हा, गर्दीच्या वेळी हा प्रयोग करू नका.

मुंग्या, पाऊस, चंद्र यांबद्दल फार लिहीत नाही, कारण यात बहुतेक पालक आपणहून रमतात. इतकंच सुचवतो : मुंग्यांच्या रांगेत मध्येच ओल्या बोटानं फरशी पुसून घ्या आणि पुढे काय होतं ते मुलासह बघा. मुंग्या वासाच्या मागावर चालतात हे त्या स्वतःच दाखवून देतात.

एसटीचं वेड असलेलं मूल ज्यांच्या घरात आहे ते भाग्यवान. आपली एसटी १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिल्यांदा धावली. बसस्थानकावर अर्धा तास बसलं तर वाचायला केवढं मिळतं! पुणे, सातारा, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरी, छत्रपती संभाजीनगर. सोपे शब्द, अवघड शब्द, काना, वेलांटी, जोडाक्षरं, सगळं गाड्यांच्या पाट्यांवर. घरी आल्यावर महाराष्ट्राचा नकाशा जमिनीवर पसरा, बघितलेल्या गावांवर शेंगदाणे ठेवा. ‘मार्गे’ या एका शब्दानं भूगोल सुरू होतो, कारण मार्गे म्हणजे वाटेत काहीतरी आहे : घाट, नदी, दुसरं गाव.

आता त्या दोन गोष्टी. वाचन आणि आकडे.

बोलायला मूल आपोआप शिकतं, पण लिपीचं तसं नाही. काही मुलं पाट्या बघून आपली आपण वाचू लागतात हे खरं, परंतु त्यांच्या भरवशावर सगळ्यांनी राहू नये. पाच-साडेपाचच्या सुमारास मूल अक्षरांकडे बोट दाखवून विचारू लागलं की रोज पंधरा-वीस मिनिटं ठरवून बसा. अ अननसाचा पासून ज्ञ पर्यंत तक्ता पाठ करून घेण्यात वर्ष घालवू नका. त्यातून मुलाला एकही शब्द वाचता येत नाही. त्याऐवजी मोजकी अक्षरं आणि एकच काना घ्या. क, म, न, प, र, स एवढ्यावर कान, नाक, पान, काम, रान, मामा, काका, सामान, एवढंच काय ‘सरकार’सुद्धा वाचता येतं. आपण वाचतो आहोत हे मुलाला पहिल्या काही दिवसांतच कळलं पाहिजे. मग एकेक मात्रा आणि दोन-दोन अक्षरं वाढवा. जोडाक्षरं आणि रफार सगळ्यात शेवटी, तोवर एसटीच्या पाट्या ओळखीच्या झालेल्या असतात. आणि तुम्ही त्याला वाचून दाखवणं थांबवू नका, त्याला स्वतःला वाचता आल्यावरही नाही. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘यश’ यांसारखी चित्रपुस्तकं या वयासाठी उत्तम. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट मिळतात.

आकड्यांचं तसंच. वस्तू मोजणं खेळातून येतं, पण मराठीत शंभरापर्यंतची नावं पाठच करावी लागतात. त्रेचाळीस म्हणताना आधी तीन येतात आणि लिहिताना आधी चार. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझं मत विचाराल तर मूल ‘चाळीस तीन’ म्हणत असेल तर त्याला दहा-दहाचे गठ्ठे कळले आहेत, आधी याचा आनंद माना. त्रेचाळीस सावकाश येऊ द्या. आगपेटीच्या काड्यांचे दहाचे गठ्ठे रबर लावून करून ठेवा, वजाबाकीपर्यंत तेच उपयोगी पडतात. काड्यांचं गूल मात्र आधी काढून टाका.

शाळेच्या मानानं आपण कुठं आहोत ही धाकधूक प्रत्येक घरात असते. ती मनात दाबून ठेवण्यापेक्षा बालभारतीच्या संकेतस्थळावरून पहिली-दुसरीची पुस्तकं मोफत उतरवून घ्या आणि दर तीन-चार महिन्यांनी तुमच्यापुरती चाळा. मुलासमोर उघडायची नाहीत. एक साधी वही करा. त्या दिवशी काय केलं ते तारीख घालून दोन ओळींत लिहा, चित्रांचे आणि वाकड्या जेसीबीचे फोटो ठेवा. त्रैमासिक तपासणीत दिसेल की विज्ञान भरपूर झालं आहे आणि लेखन जवळपास नाही. मग पुढचे महिने किराणा-यादी मुलाच्या हातून लिहून घ्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, त्यामुळे सहाव्या वर्षी अमुक आलंच पाहिजे म्हणून जीव टांगणीला लावायचं कारण नाही. मात्र आठव्या वर्षापर्यंत सोपा मजकूर समजून वाचता येत नसेल तर ‘येईल आपोआप’ म्हणत बसू नका, शिकण्याच्या अडचणी ओळखणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

तब्येतीचा एक मुद्दा घरी शिकवणारे हमखास विसरतात. अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं येऊन मुलं तपासतात. फळ्यावरचं दिसत नाही हे शाळेत बाईंच्या लक्षात येतं. घरी फळाच नसतो. म्हणून पाच-सहा वर्षांच्या आत डोळे आणि कान एकदा नीट तपासून घ्या आणि पाचव्या वर्षाचा बूस्टर डोस चुकवू नका.

मोबाइलवर तासन्‌तास जेसीबीचे व्हिडिओ बघणं ही आवड धरायची का? ओळखायला सोपं आहे. आवडीतून पसारा होतो, प्रश्न येतात, मूल माती उकरायला जातं. नुसत्या बघण्यातून पुढचा व्हिडिओच येतो. सिरिंजचा हात करताना अडलं म्हणून पाच मिनिटं व्हिडिओ बघितला तर हरकत नाही.

सवंगड्यांचा प्रश्न लोक विचारतात तितका अवघड नाही, पण तो सोडवावा मात्र लागतो. सोसायटीतली, वाडीतली मुलं चार-पाच वाजता मोकळी होतात. तो वेळ कुठल्याही कारणानं मोडू नका. खरा अवघड प्रश्न निराळा आहे : घरी थांबणार कोण? बहुतेक घरांत उत्तर न बोलताच ठरलेलं असतं, आई. तिची नोकरी सुटते, दिवसभर मूल तिच्या गळ्यात, आणि बाबा संध्याकाळी येऊन विचारतात, ‘आज काय शिकवलंस?’ असं चालणार असेल तर घरच्या शिक्षणाच्या फंदात पडूच नका. आठवड्यातले काही दिवस, निदान सकाळचे दोन तास, वडिलांच्या वाट्याला आलेच पाहिजेत. आजी-आजोबा असतील तर त्यांच्या हातात एक काम सोपवा, म्हणजे ‘शाळेत कधी घालणार?’ हा प्रश्न कमी होतो. आजोबांना बागकाम येत असेल तर कुंड्या त्यांच्याकडे, आजीकडे गोष्टी आणि भाकरी.

शेवटी कायदा, कारण त्याबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही दिसतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे, म्हणजे सहा वर्षं पूर्ण होईपर्यंत शाळेची सक्ती नाही. त्यानंतर मुलाला शाळेत दाखल करणं हे कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे. त्यासाठी पालकांना शिक्षेची तरतूद कायद्यात नाही आणि घरच्या शिक्षणाचा उल्लेखही नाही. ही धूसर जागा आहे, ती समजून-उमजून निर्णय घ्या. चार कुटुंबांनी एकत्र येऊन फी घेऊन ‘केंद्र’ काढायचा विचार असेल तर दोनदा विचार करा. मान्यतेविना शाळा चालवल्यास कलम १८ खाली एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे आणि नंतर दर दिवसाला दहा हजारांपर्यंत. परीक्षांची वाट मोकळी आहे : एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष स्तर आहेत आणि चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाचीही पाचवी आणि आठवीची सोय आहे.

आणि मूल सातव्या-आठव्या वर्षी स्वतःच म्हणालं की मला शाळेत जायचंय, तर जाऊ द्या, तुमचा हट्ट आड आणू नका. कलम ४ प्रमाणे शाळेत कधीच न गेलेल्या मुलालाही त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि मागं पडलेलं भरून काढायला खास प्रशिक्षणाचा हक्कही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, तरी जन्मदाखला आणि ती तारखा घातलेली वही बरोबर न्या. पहिल्या भेटीत मुख्याध्यापक मूल काय शिकलं ते विचारतीलच.